प्रौढ स्त्रीचा व्यायामकाळातील रक्तदाब : एक चिकित्सकीय विचार

रक्तदाबाची नोंद आपण घेतो ती रुग्णाला खुर्चीत पाच मिनिटे स्वस्थ बसवून. ही पद्धत योग्यच आहे. निदानाचे सर्व निकष त्याच अवस्थेवर आधारलेले आहेत. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या स्त्रीरुग्णांचा दिवस खुर्चीत जात नाही. त्या जिने चढतात, पाण्याच्या कळशा उचलतात, नातवंडाला कडेवर घेतात, आणि आपल्याच सांगण्यावरून सकाळी फिरावयास जातात. विश्रांतीतील आकडा पाहून श्रमाची मात्रा ठरविणे म्हणजे उन्हाळ्यातील नदीचे पात्र पाहून पूररेषा आखण्यासारखे आहे. वाढत्या वयाबरोबर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, स्त्रीशरीराची श्रमकाळात रक्तदाब आवरून धरण्याची क्षमता कशी बदलते आणि त्या ज्ञानाचा आपल्या व्यवसायात काय उपयोग, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. ज्या रुग्णेमुळे आम्हाला या विषयाकडे वळावे लागले, तिच्यापासूनच आरंभ करणे उचित ठरेल.

एक रुग्णानुभव

चैत्र वद्यातील गोष्ट. बासष्ट वर्षे वयाची एक शेतकरी स्त्री आमच्या चिकित्सालयात आली. रक्तदाबासाठी ती तालुक्याच्या डॉक्टरांकडून रोज ५ मि.ग्रॅ. अॅम्लोडिपिन घेत होती, आणि झोप नीट लागत नाही म्हणून रात्री सर्पगंधायुक्त वटी आमच्याकडून घेत होती. तिचा प्रश्न एवढाच होता : "डॉक्टर, यंदा पायी वारीला जाऊ का?"

बसल्या स्थितीतील रक्तदाब १३६/८२ भरला. हृदयाचे ध्वनी शुद्ध, पायांवर शोथ नाही. "मावशी, खुशाल जा," असे म्हणून आम्ही मोकळे होणार होतो. जाता जाता तिने सहज सांगितले, की जिना चढून आले की डोक्यात ठणठणते आणि नंतर उठून उभे राहिले की अंधारी येते. म्हणून तिला आमच्यासमोर पायरीवर तीन मिनिटे चढ-उतार करावयास लावले. थांबताक्षणी दाब १९८/८८ होता. दहा मिनिटांनी बसून तोच ११४/७० झाला, आणि उभे करताच तिने टेबलाची कड धरली.

एकाच स्त्रीचा दाब पंधरा मिनिटांच्या आत इतका चढावा आणि इतका उतरावा, आणि विश्रांतीच्या नोंदीत त्याची पुसटशी खूणही नसावी, ही बाब आम्हाला अस्वस्थ करून गेली. त्यातील उतरण्याच्या भागात आम्ही दिलेल्या वटीचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. त्याविषयी पुढे येईलच.

श्रमकाळात दाब कसा आवरला जातो

स्वस्थ बसलेल्या प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला साधारणतः पाच लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातील सुमारे पंचमांश स्नायूंकडे जाते. तीव्र व्यायामात निरोगी तरुण व्यक्तीचे हे प्रमाण पंधरा ते वीस लिटरपर्यंत जाते आणि त्यातील चार पंचमांशाहून अधिक वाटा काम करणारे स्नायू घेतात. हृदयाचे उत्सर्जन तिप्पट-चौपट झाले तरी दाब तिप्पट होत नाही, कारण स्नायूंतील सूक्ष्म वाहिन्या त्याच वेळी विस्फारतात आणि एकूण रोध उतरतो. म्हणून निरोगी व्यक्तीत सिस्टोलिक दाब श्रमाच्या प्रत्येक पायरीसरशी बेताने चढतो. विश्रांतीच्या ऊर्जाव्ययाला एक एकक मानले तर व्यय एका एककाने वाढताना हा दाब सुमारे १० मि.मी. पाऱ्याने वाढतो. डायस्टोलिक दाब मात्र जवळजवळ स्थिर राहतो किंवा किंचित उतरतो.

या व्यवस्थेला तीन सूत्रधार आहेत. पहिला मेंदू. स्नायूंना हालचालीची आज्ञा देतानाच तो हृदय व श्वसनालाही सूचना देतो. या कल्पनेचा पाया क्रोघ आणि लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये घातला. दुसरा सूत्रधार स्नायू स्वतः. आलम आणि स्मर्क यांनी १९३७ मध्ये दाखविले, की व्यायामानंतर त्या अवयवाचा रक्तप्रवाह पट्ट्याने अडवून ठेवला तर व्यायाम थांबूनही दाब चढलेलाच राहतो. स्नायूत साठलेली चयापचयजन्य द्रव्ये तेथील सूक्ष्म चेतातंतूंना उद्दीपित करतात आणि तो संदेश मेंदूमार्गे सिम्पथेटिक चेतासंस्थेला जागे करून दाब वाढवितो. तिसरा सूत्रधार म्हणजे मानेतील कॅरोटिड सायनस व महाधमनीची कमान येथील दाबग्राही यंत्रणा, जिला आपण बॅरोरिफ्लेक्स म्हणून ओळखतो. व्यायामात ही यंत्रणा बंद पडत नाही. ती आपली लक्ष्यरेषा वर सरकवून घेते आणि त्या नव्या रेषेभोवती दाब राखते.

येथे एक पेच उद्भवतो. श्रमात सिम्पथेटिक चेतासंस्था सर्वत्र वाहिन्या आकसू पाहते, तर काम करणाऱ्या स्नायूला त्या उघड्या हव्या असतात. शरीर हा पेच असा सोडविते, की आकुंचित स्नायूतील वाहिन्या ती आज्ञा अंशतः मानीत नाहीत. पोट, त्वचा, वृक्क येथील वाहिन्या आकसतात, स्नायूच्या मात्र मोकळ्या राहतात. १९६२ मध्ये रेमेनस्नायडर, मिचेल आणि सारनॉफ यांनी या स्थानिक सवलतीकडे लक्ष वेधले. या सवलतीमागे अनेक घटक आहेत. वाहिन्यांच्या अंतःस्तरातून स्रवणारा नायट्रिक ऑक्साइड हा त्यांतील एक महत्त्वाचा होय.

स्त्रीशरीराचे वैशिष्ट्य आणि रजोनिवृत्तीने होणारा पालट

पुनरुत्पादनक्षम वयात स्त्रीचा रक्तदाब समवयस्क पुरुषापेक्षा सामान्यतः कमी असतो, हे आपण जाणतोच. श्रमकाळातही हा फरक टिकून राहतो. मूठ आवळून धरण्यासारख्या स्थिर श्रमात तरुण स्त्रियांची सिम्पथेटिक प्रतिक्रिया व दाबातील वाढ ही तरुण पुरुषांपेक्षा सौम्य आढळते.

गेल्या दोन दशकांतील संशोधनाने यामागचे एक कारण स्पष्ट केले. सिम्पथेटिक चेतातंतूंतून स्रवणारे नॉरअॅड्रेनॅलिन अल्फा ग्राहकांवर कार्य करून वाहिनी आकसविते. तरुण स्त्रीत बीटा ग्राहकांमार्फत होणारे विस्फारण या आकसण्याला बऱ्याच अंशी तोलून धरते. त्यामुळे तिच्या सिम्पथेटिक तंतूंची क्रिया अधिक असली तरी एकूण रोध त्या प्रमाणात वाढत नाही. इस्ट्रोजेन हे बीटामार्गी विस्फारण आणि अंतःस्तरातील नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती या दोहोंना साहाय्यभूत होते.

रजोनिवृत्तीनंतर हा तोल जातो. पुढील बदल एकापाठोपाठ आणि बरेचदा एकत्रच घडतात.

१) महाधमनी व मोठ्या धमन्या ताठर होतात. हृदयाने टाकलेल्या रक्ताला सामावून घेण्याची त्यांची लवचिकता घटते आणि उत्सर्जन वाढताच सिस्टोलिक दाब उसळतो. पन्नाशीनंतर सिस्टोलिक चढत राहणे व डायस्टोलिक स्थिरावणे किंवा उतरणे, हे चित्र याच ताठरपणाचे द्योतक आहे.

२) विश्रांतीतील सिम्पथेटिक क्रिया वयानुसार स्त्री-पुरुष दोहोंत वाढते, पण स्त्रियांतील वाढीचा वेग अधिक असतो. बीटामार्गी प्रतितोल उरलेला नसल्याने आता ही वाढलेली क्रिया थेट दाबात उतरते.

३) काम करणाऱ्या स्नायूला मिळणारी स्थानिक सवलत क्षीण होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रजोनिवृत्त स्त्रियांच्या व्यायामरत बाहूत सिम्पथेटिक आकुंचन वाजवीपेक्षा अधिक आढळले आणि इस्ट्रोजेन दिल्यावर ते कमी झाले. मांडीच्या स्नायूंवरील अभ्यासातही वृद्ध स्त्रियांत व्यायामकाळी वाहिन्यांचे विस्फारण तरुणींपेक्षा कमी आढळले. वयोवृद्ध पुरुषांत तशी घट दिसली नाही.

४) रक्त पुरेसे न पोहोचल्याने स्नायूत चयापचयजन्य द्रव्ये लवकर साठतात व स्नायूकडून येणारा दाबवर्धक संदेश बळावतो. दाब चढतो, पण तो चढूनही स्नायूला हवे तेवढे रक्त मिळतेच असे नाही. येथे एक दुष्टचक्र निर्माण होते.

५) हृदयाची कमाल गती वयाबरोबर घटते आणि डाव्या जवनिकेचे शिथिलीकरण मंदावते. विश्रांतीत निर्दोष भासणारे हृदय जिना चढताना रक्त सामावून घेऊ शकत नाही व स्त्रीला धाप लागते. आकुंचनशक्ती शाबूत असूनही होणारा हृदयपात वृद्ध स्त्रियांत विशेषत्वाने आढळतो, हे ध्यानात ठेवावे. "वयामुळे दम लागतो" असे म्हणून ही धाप सोडून देणे धोक्याचे आहे.

६) बॅरोरिफ्लेक्सची संवेदनक्षमता घटते. यामुळे दाब चढताना जसा आवरत नाही, तसा उतरतानाही सावरत नाही. व्यायाम संपल्यावर स्नायूंतील वाहिन्या काही काळ उघड्या राहतात, पिंडऱ्यांचा पंप थांबतो, रक्त पायात साचते आणि दाब विश्रांतीच्या पातळीखालीही जातो. ही घसरण मर्यादित असेल तर ती हितकर आहे, कारण काही तास दाब उतरलेला राहतो. पण उन्हात, पाणी कमी प्यालेले असताना, दाबनाशक औषध चालू असताना हीच घसरण भोवळ आणते. अस्थिक्षय झालेल्या स्त्रीच्या बाबतीत अशा एका भोवळीचा अर्थ खुब्याचे हाड मोडणे असा होऊ शकतो.

सारांश, दाबनियमनाची चढती आणि उतरती अशा दोन्ही बाजूंची राखीव क्षमता आटते. विश्रांतीत राखीव क्षमतेची कसोटीच लागत नसल्याने विश्रांतीची नोंद निर्दोष येते. इस्ट्रोजेन बाहेरून दिल्यास प्रश्न सुटेल असे कोणास वाटेल. परंतु अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा विभाग स्तनकर्करोग व हृद्रोगाच्या वाढीव धोक्यामुळे २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. केवळ रक्तवाहिन्यांच्या रक्षणासाठी तो मार्ग घेऊ नये, हेच आज मान्य आहे. व्यायाम हा मार्ग मात्र खुला आहे. त्यातही रजोनिवृत्तीच्या आसपास आरंभिलेला व्यायाम वाहिन्यांना अधिक लाभतो आणि बरीच वर्षे उलटल्यावर आरंभिल्यास तेवढा प्रतिसाद मिळत नाही, अशी धारणा अलीकडील अभ्यासांतून पुढे आली आहे. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षे लवकर, बहुधा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास होते. म्हणजे आपल्याला ही संधी लवकर साधली पाहिजे.

आयुर्वेदीय दृष्टिकोन

संहिताग्रंथांत 'रक्तदाब' या संज्ञेला नेमका एक पर्याय नाही. कोणी रक्तगत वाताकडे, कोणी व्यानाच्या वैषम्याकडे, तर कोणी चरकाने कफज नानात्मज विकारांत गणलेल्या धमनीप्रतिचयाकडे बोट दाखवितात. एका संज्ञेचा दुसरीशी ओढून-ताणून मेळ घालण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु काही सूत्रे या विषयाला इतकी लागू पडतात, की त्यांचा उपयोग न करणे ही आपलीच हानी होय.

पहिले सूत्र वयाचे. सुश्रुत व वाग्भट आर्तवाची कालमर्यादा बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगतात. वयाच्या अंतिम भागात वाताचे प्राधान्य सर्वमान्य आहे. सुश्रुताने व्यानाकडे सर्वदेहसंचार, रससंवहन, स्वेद व रक्ताचे प्रवर्तन ही कार्ये सोपविली आहेत. वार्धक्यात रूक्षता वाढून स्रोतसांचे मार्दव जाते आणि त्यांत गतिमान व्यानाची गती विषम होते, असा संप्राप्तीचा विचार केला तर चढ व उतार या दोहोंचे स्पष्टीकरण एकाच ठिकाणी मिळते.

दुसरे सूत्र व्यायामाच्या निषेधाचे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. यावरून काही वैद्य साठीच्या स्त्रीला व्यायामच नको म्हणतात, तर काही हा निषेध कालबाह्य ठरवून मोकळे होतात. आमच्या मते दोन्ही भूमिका घाईच्या आहेत. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायामाहून वेगळे 'चंक्रमण' सांगितले आहे. देहाला अतिपीडा न देणारे हे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांना प्रबोधित करणारे म्हटले आहे. म्हणजे वृद्धाला निषेध आहे तो बलाची कसोटी पाहणाऱ्या आयासाचा, गतीचा नाही. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही हाच भेद दाखविते. मोठ्या स्नायूंची तालबद्ध हालचाल दाब बेताने चढविते. श्वास रोखून लावलेला जोर तो अकस्मात उसळवितो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून दाब मोजला असता दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. ते तरुण, कसलेले पुरुष होते. ताठर धमनीच्या स्त्रीने श्वास कोंडून हंडा उचलला तर काय होत असेल, याची कल्पना यावरून करावी.

तिसरे सूत्र मात्रेचे. बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने व्यायाम करावा व अन्य ऋतूंत त्याहूनही मंद, असा वाग्भटाचा उपदेश आहे. सुश्रुत अर्ध्या बलाची खूण सांगतो ती अशी, की हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घेण्याची वेळ आली, की थांबावे. आज व्यायामतज्ज्ञ 'चालता चालता बोलता आले पाहिजे' अशी जी कसोटी सांगतात, ती याहून फार वेगळी नाही. या खुणेचे एक व्यावहारिक महत्त्व आहे. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल गती काढण्याचा ठोकताळा साठ वर्षांच्या स्त्रीला १६० ही संख्या देतो. स्त्रियांवरच आधारित २०१० च्या सूत्राने, म्हणजे २०६ वजा वयाच्या ०.८८ पटीने, ती १५३ येते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णेत तर दोन्ही संख्या निरुपयोगी ठरतात. तोंडाने श्वास लागण्याची खूण मात्र औषध कोणतेही असो, रुग्णेच्या हाती राहते.

चौथे सूत्र उतरत्या बाजूचे. व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करावे, असे वाग्भट सांगतो. श्रम आणि स्थैर्य यांच्यामध्ये एक पायरी ठेवण्याचा हा विचार आहे. वृद्ध स्त्रीला आपण हे असे सांगावे : शेवटची पाच ते दहा मिनिटे गती उतरवीत चालावे, एकदम थांबू नये, लगेच कढत पाण्याने स्नान करू नये, खाली बसल्यास सावकाश उठावे.

आपली औषधे आणि हा प्रश्न

आता आमच्या वटीविषयी. सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाचा अहवाल मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रेसर्पिन सिम्पथेटिक चेतातंतूंच्या टोकांतील नॉरअॅड्रेनॅलिनचा साठाच रिकामा करते आणि त्याचा परिणाम औषध थांबविल्यावरही कित्येक दिवस टिकतो. विश्रांतीतील दाब उतरविण्यास हे उपयुक्त असले तरी श्रमानंतर उभे राहताना वाहिन्या आकसून दाब सावरण्याचे जे काम शरीराला करावे लागते, तेच त्याने दुर्बल होते. जोडीला अॅम्लोडिपिनसारखे वाहिनीविस्फारक असेल तर भोवळीची शक्यता वाढते. निद्रेसाठी म्हणून दिलेल्या वटीचा हिशेब आम्ही रक्तदाबाच्या खात्यात मांडलाच नव्हता, ही आमची चूक. सर्पगंधेमुळे मनाची खिन्नता वाढू शकते हेही रजोनिवृत्त स्त्रीच्या संदर्भात विसरता कामा नये.

उलट बाजूचे उदाहरण ज्येष्ठमधाचे. कास, अम्लपित्त, स्वरभेद यांसाठी आपण ते सढळ हाताने देतो. दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास त्यातील ग्लिसिरायझिनमुळे सोडियम साठते, पोटॅशियम घटते व दाब चढतो. लवणयुक्त पाचक चूर्णांनाही हाच विचार लागू आहे. व्यायाम सुचविण्यापूर्वी रुग्णा काय काय घेते, आपले व इतरांचे, याची यादी तिच्यासमोर बसून करावी.

चिकित्सालयात काय करावे

आम्ही सध्या पंचेचाळिशीनंतरच्या प्रत्येक स्त्रीरुग्णेत, व्यायाम सुचविण्यापूर्वी, पुढील क्रम पाळतो. हा कोणत्याही संस्थेचा नियम नसून आमचा परिपाठ आहे.

अ) प्रथम बसून, नंतर उभे राहून एका व तिसऱ्या मिनिटाला दाब मोजावा. उभे राहताच सिस्टोलिक २० किंवा डायस्टोलिक १० मि.मी. ने उतरला तर आधी त्याचे कारण शोधावे.

आ) विश्रांतीतील दाब १६०/१०० पेक्षा अधिक, छातीत दुखणे, श्रमाने भोवळ येऊन पडणे, हृदयात मर्मर ध्वनी, किंवा अल्प श्रमाने धाप, यांपैकी काहीही असल्यास चिकित्सालयात श्रमचाचणी करू नये. हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

इ) अन्यथा दंडाला पट्टा आधीच बांधून ठेवावा, भिंतीचा आधार जवळ असावा, आणि तीन मिनिटे पायरीची चढ-उतार करवून थांबताक्षणी दाब घ्यावा. मिनिटभराचा विलंबही नोंद फसवी करतो. हलत्या हातावर स्वयंचलित यंत्र चुकते, म्हणून स्टेथोस्कोपने ऐकून मोजणे बरे. रीतसर स्ट्रेस टेस्टमध्ये स्त्रियांत १९० व पुरुषांत २१० मि.मी. किंवा अधिक सिस्टोलिक दाब हा अतिरेकी प्रतिसाद समजला जातो. पायरीवरील अल्प श्रमातच १९० गाठले तर तपासणी पुढे नेणे आवश्यक आहे.

ई) पाच व दहा मिनिटांनी पुन्हा, बसून व उभे राहून, दाब मोजावा. ही पायरी बहुधा गाळली जाते, आणि आमच्या रुग्णेचा खरा धोका याच पायरीवर दिसला.

व्यायामाची योजना चंक्रमणापासून आरंभावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितला आहे, आणि पासष्टीनंतर त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस तोल व बल यांचा अभ्यास. आरंभी दहा मिनिटांचे दोन तुकडे पुरेत. डोक्याच्या वर हात धरून करावयाची कामे पायांच्या कामापेक्षा दाब अधिक चढवितात, म्हणून ती नंतर घ्यावीत. कुंभक, वेगवान कपालभाती व शीर्षासन हे दाब अनियंत्रित असताना टाळावे. मूठ आवळण्यासारखा स्थिर व्यायाम करताना तेवढ्यापुरता दाब चढतो. तरी काही आठवडे मर्यादित बळाने केल्यास विश्रांतीतील दाब उतरतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७० चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. परंतु तो श्वास चालू ठेवून, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि दाब आटोक्यात आल्यावरच करवावा.

त्या रुग्णेचे पुढे

तिच्या डॉक्टरांशी बोलून सर्पगंधेची वटी थांबविली व निद्रेसाठी पादाभ्यंग आणि रात्री लवकर, लघु भोजन सुचविले. हृद्रोगतज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतली. हृदयात आक्षेपार्ह काही आढळले नाही. जेवणातील लोणचे व पापड बंद केले. वारीला सुमारे दोन महिने अवकाश होता आणि ऋतू वसंताचा, म्हणजे अभ्यासाला अनुकूल. पहाटे शेताच्या बांधाने सपाट चालणे, प्रत्येक आठवड्याला थोडे अंतर अधिक, तोंडाने श्वास येऊ लागला की गती कमी, असा क्रम ठेवला. आठ आठवड्यांनी त्याच पायरीवर तीन मिनिटांनंतर दाब १७२/८४ होता आणि दहा मिनिटांनी उभे राहून १२६/७६. अंधारी येणे थांबले होते.

आळंदीहून पंढरपूरचे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि चाल अठरा-वीस दिवसांची. वाग्भटाच्या दृष्टीने हा काळ मंद व्यायामाचा. म्हणून तिला अनुमती दिली ती अटींसह. सपाट वाटेवर चालावे, पण पुणे-सासवड हा लांब टप्पा आणि त्यातील दिवे घाटाची चढण दिंडीच्या गाडीने पार करावी. वेळापूरच्या धाव्यात पळू नये. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन हात वर धरून चालू नये, कारण त्यात बाहूंचा स्थिर श्रम आणि मस्तकावरचा भार दोन्ही एकत्र येतात. मुक्कामावर एकदम बसकण मारू नये. एकादशीच्या उपवासात पाणी सोडू नये. तुळस न घेण्याच्या अटीवर तिने बराच वेळ आमच्याशी वाद घातला आणि शेवटी ती सुनेकडे द्यावयाचे कबूल केले.

ती पायी गेली आणि सुखरूप परतली. एका रुग्णेवरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि तिच्या दाबातील सुधारणेचे श्रेय औषधबदल, आहार व चालणे यांपैकी कोणाला किती, हेही सांगता येणार नाही. परंतु विश्रांतीतील १३६/८२ या एका नोंदीवर विसंबून आम्ही तिला त्याच दिवशी वाटेला लावले असते, तर ती दिवे घाटाच्या चढणीवर १९८ च्या वर चढली असती आणि सासवडच्या मुक्कामावर भोवळली असती, अशी भीती आम्हाला आजही वाटते.

वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार पाहून व्यायाम करावा, अन्यथा तोच रोगाला कारण होतो, असे सुश्रुताने बजावले आहे. रजोनिवृत्त स्त्रीच्या बाबतीत यातील वय आणि बल या दोन शब्दांना आज शरीरक्रियाविज्ञानाने नेमका अर्थ दिला आहे. वैद्यबंधु-भगिनींनी आपापल्या चिकित्सालयातील पायरीचा यासाठी उपयोग करावा. तीन मिनिटे चढ-उतार आणि दहा मिनिटे प्रतीक्षा, यापलीकडे त्याला काही लागत नाही.